हातावेगळी

रॉथबरीच्या वरच्या अंगाला, कॉकेट नदीकाठी,
सेप डॅगच्या परसात अकरा गिनी कोंबड्या.
फाटकाशी माझी गाडी थांबली की
सगळ्या एकदम कंठ फोडतात,
गंजलेल्या रहाटासारख्या.
इकडचे लोक म्हणतात, त्या 'कमबॅक, कमबॅक' ओरडतात.
मला आपला रहाटच ऐकू येतो.

मार्चमध्ये झटका आला
आणि सेपचा उजवा हात गेला, शब्द गेले.
उरले चार: नो, टी, हिल्डा,
आणि का कोण जाणे, ब्लू.

मंगळवारी, शुक्रवारी मी जाते.
सरकारी पिशवीत मऊ गोळा, रंगीत चिमटे,
लावायची-काढायची बटणं.
पहिल्याच दिवशी सेपनं तो गोळा डाव्या हातानं उचलला
आणि खिडकीतून कोंबड्यांना टाकला.
त्यांनीही खाल्ला नाही.

मग हिल्डानं बिस्किटांचे दोन डबे काढले.
एकात झडलेली पिसं, काळ्या-करड्यावर पांढरे ठिपके,
जशी कुणी चंद्रकळा नेसून
रवा चाळायला बसली होती.
दुसऱ्यात तीच, जुन्या पातेल्यात व्हिनेगर घालून रंगवलेली.
ठिपके रंग प्यायलेले, काळं होतं ते काळंच.
"ब्लू," सेप म्हणाला.
महिनाभरात पहिल्यांदा तो शब्द
जागेवर पडला.

माशी म्हणतात तिला, मासा फसवायची.
शिकंज्यात गळ. त्याचा डावा हात, माझा उजवा.
काळा रेशमी दोरा मी गुंडाळते, तो ताण धरतो.
सैल झाला की "नो".
घट्ट झाला की "नो".
मिरजेत बाबा सतारीचे पडदे बांधायचे,
दोऱ्याचं एक टोक त्यांच्या दातात,
दुसरं माझ्याकडे.
तेव्हाही नुसतं "अंहं" असायचं,
आणि पडदा केसभर सरकायचा.

चंदेरी तारेचे पाच वेढे.
मग गळ्याखाली निळ्या पिसाची दाढी, चिमूटभर,
सहा-सात तंतू,
एकेकावर एखादा अर्धा ठिपका.

माशाला हे काय वाटतं? मी विचारलं.
हिल्डा म्हणाली, समुद्रातून परतलेला सॅल्मन
नदीत काही खातच नाही. पोट मिटून घेतो.
मग तोंड का उघडतो?
तिनं खांदे उडवले. "राग येत असेल.
नाहीतर काही आठवत असेल."
सेप पीस उजेडात धरून बसला होता.
त्याचंही तोंड उघडं होतं,
काहीतरी दारापर्यंत आलं होतं.
आम्ही दोघी थांबलो.
चहा निवला.

पहिली माशी डोक्यानं जड झाली.
शेजारच्या पोरानं ती जूनमध्ये नदीवर नेली
आणि पहिल्याच फेकीत अल्डरच्या फांदीला वाहिली.
अजून तिथेच असेल, पानांना फसवत.
न रंगवलेल्या पिसांचे हिल्डा कानातले डूल करते,
चर्चच्या विक्रीसाठी, जोडी चार पौंड.
एका कानात आठ ठिपके, दुसऱ्यात नऊ.
कुणी मोजत नाही, ती म्हणते.
सेप मोजतो.

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे, 'प्रगती'.
डाव्या हाताचा मळ, असं आपण किती सहज म्हणतो.
सहा आठवडे मी त्या डाव्या हाताकडे बघते आहे,
मळ कसला, त्याला घाम फुटतो.

आज शेवटची गाठ मारताना
त्यानं माझं बोट बाजूला सारलं
आणि स्वतःचा उजवा अंगठा दोऱ्यावर ठेवला.
ठेवला म्हणजे, डाव्यानं उचलून
वजनासारखा ठेवला,
पिसाहून जरासं जास्त वजन.
दोरा हलला नाही.
मी गाठ ओढली, वार्निशचा एक थेंब सोडला.
माशी हातावेगळी झाली.
कुणाच्या हातावेगळी, ते लिहायला
रकान्यात जागा नाही.

बाहेर रहाट सुरू झाला.
पोस्टमन आला असावा.